मागचा उजवा

काटेवाल्याच्या मते जगात दोनच गोष्टी बिनचूक होत्या: एक त्याचा हात आणि दुसरा त्याचा कान. बाकीचं सगळं जग कुठे ना कुठे थोडं कलंडलेलं होतं, आणि ते नेमकं कुठे कलंडलंय हे सांगायला तो एका पायावर तयार असायचा.

तीस वर्षं त्याने वजनकाटे दुरुस्त केले. वाण्यांचे, सोनारांचे, गोदामातले माणूस उभा राहील एवढे मोठे. पुढे आकडे दाखवणारे काटे आले. ते बिघडले की लोक नवे आणतात, दुरुस्तीला कोण नेतो? दुकान बंद झालं, पाटी उतरली, पण काटेवाला हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि हात रिकामे झाले. रिकाम्या हातांचा हुशार माणूस घरात किती छळतो ते त्याच्या बायकोला विचारावं. शेवटी तिनेच वैतागून सांगितलं, "अहो, पोरीच्या त्या गाडीत काहीतरी बघा ना. माझ्या डब्यांची झाकणं घट्ट करत फिरू नका. उघडता उघडत नाहीत मेली."

पोरीला घरात भिंगरी म्हणत. त्या वेळी ती चौदा वर्षांची होती. तिची गाडी म्हणजे हातभर लांबीची, जाड खडबडीत चाकांची, रिमोटवर चालणारी बगी. मातीच्या ट्रॅकवर अशा दहा-बारा गाड्या एकदम सोडतात, आणि चालवणारे वर मचाणावर ओळीने उभे राहून हातातल्या रिमोटशी झुंजत असतात. तिला खेळणं म्हणायची मात्र सोय नव्हती. शेजारच्याने एकदा म्हटलं, तर काटेवाला त्याच्याशी वर्षभर बोलला नाही.

या गाडीत काटेवाल्याला जे सापडलं ते म्हणजे तिचे शॉक, धक्के झेलणारे. पुढे दोन, मागे दोन, प्रत्येक जेमतेम बोटभर. गाडी उंचवट्यावरून उडते, माणसाच्या उंचीवरून खाली आदळते, आणि तिला सावरणारे एवढे चारच असतात. आत नळी, नळीत तेल, तेलात सुईच्या भोकांचा एक चिमुकला पिस्टन, त्याला जोडलेला दांडा. तेल किती जाड, भोकं किती बारीक, यावर गाडीचं नशीब. आणि आत हवेचा बुडबुडा राहिला की सगळं मुसळ केरात. मग तो शॉक दाबला की आतून पोटात गुडगुडल्यासारखा आवाज येतो आणि गाडी ट्रॅकवर त्या बाजूला बसते ती बसतेच.

काटेवाला तेल भरायचा, पिस्टन तेलाखाली हळूहळू वरखाली करून बुडबुडे वर काढायचा, मग नळी उभी करून ठेवायची आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं, मध्ये कुणी चहा आणला तरी मान वर करायची नाही. टोपण बसवलं की शॉक कानाशी धरून दाबायचा. गप्प राहिला तर पास. नंतर जोडी लावायची. दोन शॉक समोरासमोर धरायचे, दांड्याला दांडा टेकवायचा आणि दोन्ही तळव्यांनी दाबायचं. जो आधी आत गेला तो हलका. दोन्ही सारखे आत गेले पाहिजेत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोन पारडी एका रेषेत आणण्यातच त्याची हयात गेली होती.

शेवटी सुईने टोपणावर रेघा. पुढच्या डाव्याला एक, उजव्याला दोन, मागच्या डाव्याला तीन, उजव्याला चार. चौथी रेघ त्याच्याकडून नेहमी तिरकी जायची. हात चुकतो म्हणून नव्हे, ती माझी सही आहे, असं तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायचा.

नऊ वर्षं बापलेकींनी असे ट्रॅक पालथे घातले. भिंगरी जिंकायला लागली. लोक तिच्या हाताची तारीफ करायचे आणि काटेवाला शेजारी उभा राहून आपले तळवे चोळायचा. त्याचा एक नियम होता: फायनलच्या आधी चारही शॉक नव्याने भरायचे, तिथेच, ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात त्या पिटमधल्या टेबलावर. आणि भिंगरीचाही एक नियम होता. शॉक गाडीला लागले की ती न चुकता म्हणायची, "बाबा, आता माती बघून या. तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

मग काटेवाला हात मागे बांधून ट्रॅकच्या कडेने पूर्ण फेरी मारायचा. टाचेने माती उकरायची, चिमटीत चुरायची, वास घ्यायचा, आणि वीस मिनिटांनी परत येऊन निकाल द्यायचा. "वरून कोरडी दिसते, आत ओल आहे. डाव्या वळणावर सांभाळ." भिंगरी शांतपणे मान डोलवायची. त्या वीस मिनिटांत तो जगातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस असायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत डॉक्टरांनी त्याला साखर सांगितली होती. काटेवाल्याचा त्यावर विश्वास बसला नाही. "आधी त्यांचं यंत्र तपासून घ्या म्हणावं." एकदा गॅसवरची कढई त्याने नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवली, आणि चटका बसल्याचं त्याला बायकोच्या किंचाळण्यावरून कळलं. "कामाचे हात आहेत, कातडी जाड झालीय," तो बोटांवरच्या फोडांकडे बघत म्हणाला. बायको भिंगरीकडे बघत राहिली, आणि भिंगरी ताटाकडे. त्या दोघींचं काहीतरी चाललंय हे त्याला दिसलं, पण बायकांची कुजबुज म्हणून त्याने सोडून दिलं.

वर्षाची शेवटची फायनल रविवारी होती. उपांत्य फेरीत भिंगरी पहिली आली आणि मचाणाकडे नियम ऐकायला गेली. काटेवाला पिटमध्ये एकटाच शॉक उघडायला बसला होता. तेवढ्यात टोपीवाला आला.

टोपीवाला म्हणजे एका मोठ्या टीमचा व्यवस्थापक. टीमचं नाव असलेली टोपी तो आंघोळीलाही काढत नसावा असा काटेवाल्याचा अंदाज होता. आज तो खुर्ची ओढून चक्क बसला.

"काका, अभिनंदन आधीच करून ठेवतो. पोरगी आज जिंकली की आमची. पुढचं अख्खं वर्ष आमच्या टीमबरोबर, देशोदेशी. बोलली असेलच तुम्हाला."

काटेवाल्याला कुणी काही बोललं नव्हतं. त्याच्या हातातला पाना हातातच राहिला. "हो, बोललीय ना," तो म्हणाला. "घरात सगळं बोलते ती."

"मग बरं झालं. तुम्हालाही विश्रांती हवीच आता. आमच्याकडे नुसत्या शॉकला तीन माणसं आहेत, यंत्रं आहेत. दांड्याला किती जोर लागतो ते पडद्यावर रेघेत दिसतं. नाहीतर तुमचं ते..." त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवले आणि हसला. "मजा वाटते हो बघायला. जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात असतं तसं. खरंच मजा वाटते."

"कधी विचारलंत तिला?"

"झाले की दोन महिने." टोपीवाला उठला. "तुम्ही तिला अडवू नका म्हणजे झालं, काका. पोरांच्या पायात पाय घालू नये आपण."

तो गेला. काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती टोपीवाल्यावरची नव्हती. असले टोपीवाले त्याने पैशाला पासरी पाहिले होते. दोन महिने! दोन महिने ही पोरगी रोज त्याच्यासमोर बसून जेवली, त्याच्याच हातचे शॉक लावून धावली, "बाबा, माती बघून या" म्हणाली, आणि पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही. नऊ वर्षं शॉक भरणारा बाप एका टोपीपुढे अडगळ झाला. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? भांडला असता, आठवडाभर अबोला धरला असता, आणि मग स्वतःच तिची बॅग भरून दिली असती. निदान त्या क्षणी त्याला तसं वाटलं. खरं म्हणजे आठवडाभराचं एवढं खात्रीचं नव्हतं.

त्याने काम सुरू केलं. रागात माणसं घाई करतात. काटेवाला रागात हळू होत असे. अलीकडे त्याला नळीतले बारीक बुडबुडे पटकन दिसायचे नाहीत आणि पिस्टन चिकटतोय की सरकतोय ते बोटांना नीट लागायचं नाही. तो अंदाजाने टोपण आवळून मोकळा व्हायचा. आज मात्र त्याने चष्मा पुसला, नळी उजेडाकडे धरली, आणि एकेक बुडबुडा वर येईपर्यंत श्वास रोखून बघत बसला. पुढचे दोन भरले. वीस मिनिटं उभे ठेवले. कानाला लावले, गप्प. तळव्यांत धरून दाबले, दोन्ही एकदम आत गेले आणि एकदम बाहेर आले. मागचा डावा भरला. तोही तसाच. कितीतरी दिवसांनी आपला जुना हात परत मिळाल्यासारखं वाटलं, आणि त्यामुळेच त्याचं पित्त आणखी खवळलं. हे हात आता प्रदर्शनात!

मागचा उजवा राहिला होता.

टेबलावर तेलाच्या बाटल्या ओळीने होत्या. मागच्या शॉकला साडेचारशे नंबरचं तेल लागायचं, निळ्या टोपणाचं. लाल टोपणाची दोनशेची बाटली थंडीतल्या सरावासाठी होती. ते तेल जवळजवळ पाण्यासारखं. काटेवाल्याने इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला गाडीत डोकं खुपसून बसला होता. बाकी सगळे मचाणाकडे.

गाडी त्या बाजूला खचेल. मोठ्या उडीवर तर शेपूट उडेलच. ती पाचवी-सहावी येईल. सील गेलं म्हणायचं, सील काय, कधीही जातं. टोपीवाला टोपी सावरत दुसरीकडे जाईल. आणि पुढच्या रविवारी सरावाला पुन्हा आपण दोघं, हे टेबल, ही माती.

त्याने लाल टोपण उघडलं. नळी अर्धीच भरली. पिस्टन एकदाही वरखाली केला नाही, उभी करून ठेवली नाही, थांबला नाही. टोपण आवळलं. शॉक कानाशी नेला, सवयीने. आतून गुडगुडलं. तीस वर्षांत त्याने एकाही काट्याखाली माप मारायला चुंबक लावला नव्हता. दुकानदारांनी हात जोडले, दमही दिला, तरी लावला नव्हता. त्याने सुई उचलली आणि टोपणावर चार रेघा ओढल्या, चौथी तिरकी.

भिंगरी परत आली. घामेजलेली, हसरी. तिने चारही शॉक गाडीला लावलेले पाहिले. "झालं, बाबा?"

"झालं."

ती त्याच्याकडे वळली. काहीतरी सांगायचं असावं असं तिचं तोंड झालं. काटेवाला मनात म्हणाला, बोल. आत्ता बोल. अजून दोन स्क्रू काढले की शॉक हातात येतो.

"बाबा, माती बघून या," ती म्हणाली. "तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

तो गेला. ट्रॅकच्या कडेने जाळी होती आणि वाट एकच, पूर्ण फेरी मारल्याशिवाय पिटकडे येता येत नसे. पाव फेरीपर्यंत तो रागातच चालला. अर्ध्या फेरीला मोठी उडी आली, तीन उंचवटे, एका झेपेत ओलांडायचे. इथे चौदा वर्षांच्या भिंगरीची गाडी पहिल्यांदा उलटी पडली होती आणि ती मचाणावरून खाली न उतरता तिथेच उभी राहून रडली होती. हातातला रिमोट सोडला नव्हता, म्हणून डोळेही पुसता येत नव्हते. काटेवाल्याला ते एकदम आठवलं. आज ती तेवीस वर्षांची आहे. आज रडणार नाही. आज ती खाली उतरेल आणि म्हणेल, "जाऊ दे बाबा, सील गेलं असेल." आणि ते त्याला ऐकावं लागेल.

उरलेली अर्धी फेरी तो धावला. साठीच्या माणसाने धावावं तसा, म्हणजे चालण्यापेक्षा जरा जास्त आवाज करत. माती बघायची राहून गेली. पिटमध्ये पोचला तेव्हा टेबल आवरलेलं होतं, पेटी बंद होती, आणि गाडी तपासणीच्या टेबलावर पोचली होती. तिथे एकदा गाडी ठेवली की शर्यत संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम. तो जाळीला चिकटून उभा राहिला. ओरडून सांगावं तर काय सांगावं?

दहा मिनिटांची फायनल. शिट्टी वाजली, गाड्या सुटल्या. पहिल्या वळणातून भिंगरीची बगी दुसरी बाहेर पडली. मोठी उडी समोर आली. काटेवाल्याने डोळे मिटले, मग मिटून ठेववेनात म्हणून उघडले.

गाडी उडाली, तिन्ही उंचवटे ओलांडले, आणि चारही चाकांवर मांजरासारखी उतरली.

त्याचा जीव भांड्यात पडला. नशीब! एखादवेळ होतं असं. दुसऱ्या फेरीलाही तशीच उतरली. तिसऱ्या फेरीला ती पहिली झाली. लोक ओरडत होते, आणि काटेवाल्याच्या सुटकेच्या जागी हळूहळू दुसरंच काहीतरी येऊ लागलं. हवा राहिलेला शॉक दोन उड्यांत फेसाळतो. तिसऱ्या उडीला त्यात तेल राहतच नाही, नुसता फेस राहतो. चौथ्या फेरीला गाडी उजवीकडे खचायलाच हवी. ती खचत नव्हती. तो आता उडी बघत नव्हता, मागचं उजवं चाक बघत होता. ते जेवढं आत जात होतं तेवढंच डावं जात होतं, आणि दोन्ही एकदम बाहेर येत होती. सुरेख जोडी होती. कुणीतरी खूप वेळ थांबून, फार प्रेमाने भरलेली.

आठव्या फेरीला त्याला कळून चुकलं. शॉकमधलं त्याला जेवढं कळत होतं तेवढं त्या ट्रॅकवर कुणालाच कळत नव्हतं, आणि तेच कळणं आता त्याच्या मुळावर आलं होतं. त्या गाडीखाली त्याचा शॉक नव्हता.

भिंगरी जिंकली. चष्मेवाला येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. "काय शॉक भरलेत, काका! मानलं बुवा तुमच्या हाताला." काटेवाला हसला. हसावं लागतं अशा वेळी.

वर बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा तो पिटमध्ये आला आणि त्याने भिंगरीची पेटी उघडली. तिच्या पेटीला तो कधी हात लावत नसे. त्याची हत्यारं वेगळी, तिची वेगळी. सगळ्यात खालच्या खणात एक टॉवेल घडी करून ठेवला होता. टॉवेलात चार शॉक होते. टोपणावर एक, दोन, तीन, चार रेघा. चौथी तिरकी. त्याने तो चौथा दाबला. गुडगुडला.

तपासणी संपून गाडी टेबलावर आली होती. त्याने ती उलटी करून मागच्या उजव्याचं टोपण पाहिलं. तिथेही चार रेघा होत्या. चारही सरळ. पोरीने सगळी नक्कल केली होती, पण तिरकी रेघ ही सही आहे हे तिने कधी खरं मानलं नव्हतं, चूक समजून तेवढी सुधारली होती.

टॉवेलाखाली वही होती. शर्यतीगणिक एक पान, वर तारीख. त्याने जुन्या पानांपासून पुढे चाळली. दोन वर्षांपूर्वीचं पान: "मागच्या डाव्यात हवा. बाबांना सांगितलं नाही. माझा लावला." पुढचं: "चारही बाबांचे. गाडी झकास." मग: "पुढचे बाबांचे, मागचे माझे." मग पुन्हा: "चारही बाबांचे." असं वर्षभर, कधी दोन, कधी तीन. प्रत्येक वेळी तिने ते काढून, दाबून, कानाला लावून पाहिले होते. चांगले निघतील या आशेने, दर वेळी. मग अकरा महिने एकच वाक्य: "चारही माझे." "चारही माझे." "चारही माझे."

आजचं पान घाईत लिहिलेलं होतं.

"पुढचे दोन्ही एकदम बरोबर. मागचा डावा बरोबर!! किती दिवसांनी. आज बाबांचेच लावायचे. मागचा उजवा... तेलच चुकलंय. दोनशेचं आहे, तेही अर्धंच. लाल टोपण आणि निळं टोपण ओळखू आलं नाही? तीन भरून चौथ्याला विसरले? हे बोटांचं नाही. आईशी बोलायला हवं. आता भरवसा नाही, चारही माझेच लावले."

"बाबा."

भिंगरी मागे उभी होती. गळ्यात पदक, हातात ढाल. त्याच्या हातातली वही बघून तिने ढाल हळूच टेबलावर ठेवली.

"कधीतरी सांगणारच होते," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... रागावलात?"

"म्हणून माती बघायला पाठवायचीस."

"हो." तिने खाली पाहिलं. "पण मातीचं तुम्हाला खरंच कळतं, बाबा. मातीचं मी नेहमी ऐकते."

काटेवाल्याने वही मिटली. त्याला खूप बोलायचं होतं, आणि एकही वाक्य असं सापडत नव्हतं की ज्याच्या शेवटी लाल टोपणाची बाटली उभी नसेल. "टोपीवाला आला होता," तो शेवटी म्हणाला. "तू जाणार म्हणाला."

"माझ्या पाठीमागे तुमच्यापर्यंत पोचला? लबाड आहे." तिचा आवाज चढला. "त्याला तीनदा नाही म्हणाले मी. बाबा बरोबर आले तरच येईन, बाबांना टेबल द्यायचं, बाबांचं नाव टीमच्या यादीत लावायचं. दोन महिने घोळवलंय त्याने मला. काल कुठे तयार झाला. म्हटलं, आज जिंकले की तुम्हाला इथेच सांगायचं, या टेबलावर."

काटेवाल्याने मागे चाचपून खुर्ची ओढली. तो खुर्चीवर बसला.

"मग सांग की," तो म्हणाला.

भिंगरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तिची बोटं तेलाने बुळबुळीत होती, हे त्याला दिसलं, लागलं नाही.

"मघाशी तुम्ही मातीकडे गेलात तेव्हा तो शॉक पाहिला आणि मला काही सुचेना. हात जड झालेत ते ठीक आहे, बाबा, त्याला काय होतंय? टेबलावर नुसते बसला असता तरी चाललं असतं मला. पण हे वेगळं आहे. परक्या देशात, परक्या गावात तुम्हाला एकट्याला खोलीवर ठेवून मी ट्रॅकवर कशी जाणार? रस्ता विसरलात तर?" तिने त्याचे हात आणखी घट्ट धरले. "मघाशीच त्याला निरोप पाठवला. बाबा येणार नाहीत म्हणून. मीही आधी घरचं बघते, डॉक्टरांचं बघते, मग काय ते ठरवेन."

आता सांगायचं. एवढंच सांगायचं, की पोरी, मला सगळं आठवतंय. निळं टोपण आठवतं, लाल टोपण आठवतं, किती थेंब टाकले तेही आठवतं. माझं डोकं ठणठणीत आहे. मी जाणूनबुजून केलं. काटेवाल्याने तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे ज्या मायेने बघत होती, तशी माया त्याच्या वाट्याला पुन्हा कधी येणार नव्हती, ते एक वाक्य बोलल्यावर तर नाहीच.

"मागचा उजवा भरताना काय झालं होतं, बाबा? आठवतंय का काही?"

"नाही," तो म्हणाला. "काही आठवत नाही बघ."

तिने डोळे पुसले. मग लहान मुलाशी बोलावं तसं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "बरं, मला एक सांगा. आज वार कोणता आहे?"

वर मचाणावरून कुणीतरी तिचं नाव पुकारत होतं. पिटमधली टेबलं आवरली जात होती, जो तो सोमवारच्या कामाच्या घाईत होता. काटेवाल्याने हातांकडे पाहिलं, तिच्या हातांतल्या.

"शनिवार," तो म्हणाला.

भिंगरीने शांतपणे मान डोलवली. मातीचं ऐकताना डोलवायची, तशीच.